गोदीतले कपडे घरी कोणी धुतले?

कफ परेडच्या मच्छीमार नगरात दुपारी दोन-अडीचनंतर बायकांना थोडी उसंत मिळते. सकाळची मासळी विकून झालेली असते आणि संध्याकाळच्या पाण्याला अजून वेळ असतो. अशाच एका दुपारी रेशनकार्डांच्या कामासाठी आम्ही जमलो होतो. बोलता बोलता साठी ओलांडलेल्या एका मावशींना खोकल्याची उबळ आली आणि पाच मिनिटं बैठक थांबली. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांचा पण असाच खोकला होता. त्यातच गेले."

मालक गोदीत होते. लढाऊ जहाजांच्या इंजिनरूममध्ये, बॉयलरजवळ फिटर म्हणून त्यांनी तीस वर्षं काम केलं. जुन्या नळ्यांवरचं पांढरं वेष्टण तोडायचं, नळी बदलायची, नवीन वेष्टण चढवायचं. संध्याकाळी घरी आले की केसांत आणि भुवयांत पांढरा भुसा असायचा. अंगातला डगला मावशी दाराबाहेर झटकायच्या, मग दगडावर आपटून धुवायच्या. पोरगी तेव्हा पाठीला बांधलेली असायची. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मालकांना धाप लागू लागली. दोन वेळा टीबीची औषधं झाली, गुण आला नाही. आता मावशींनाही जिना चढवत नाही. दवाखान्यात त्यांना विचारलं, विडी ओढता का, चुलीवर रांधता का, मासळी सुकवता का. नवरा कुठं काम करायचा, त्याचे कपडे कोण धुवायचं, हे कोणी विचारलं नाही.

मावशींची धाप त्या भुशामुळेच आहे असं मी म्हणत नाही. ते तपासणीतच ठरेल. माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि जो प्रश्न विचारला जात नाही त्याची भरपाईही मिळत नाही.

तो पांढरा भुसा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. हे एक खनिज आहे. ते कापसासारखं पिंजता येतं, त्याचं सूत कातता येतं आणि ते आगीत जळत नाही. म्हणून विसाव्या शतकात जहाज बांधणाऱ्यांना ते फार सोयीचं वाटलं. बॉयलर, वाफेच्या नळ्या, इंजिनरूमच्या भिंती, गॅस्केट, सगळीकडे ते घातलं गेलं. लढाऊ जहाजात तर जास्तच, कारण तिथं आगीची भीती मोठी. त्याचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होतात, श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि तिथंच राहतात. आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी वर येतो. अ‍ॅस्बेस्टोसिसमध्ये फुप्फुस कडक होत जातं. फुप्फुसाचा कर्करोग होतो. आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो, तो थोड्याशा संपर्कानंही होऊ शकतो. त्यातून माणूस क्वचितच वाचतो.

मच्छीमार नगराला जहाजं परकी नाहीत. १९६१ साली नौदलात आलेली विक्रांत ही विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली आणि २००१ पासून काही वर्षं संग्रहालय म्हणून कफ परेडलाच उभी होती. वस्तीतली मुलं ती बघायला गेली आहेत. ही नौका ब्रिटनमध्ये १९४३ साली बांधायला घेतली होती. त्या काळात ब्रिटिश गोद्यांमध्ये नळ्यांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळणं हा रोजचा रिवाज होता. २०१४ साली विक्रांत साठ कोटी रुपयांना भंगारात विकली गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दारूखान्याला तिची तोडणी सुरू झाली. पुढे तिच्या पोलादातून मोटारसायकल निघाली, तिच्या जाहिराती सगळ्यांनी पाहिल्या. तोडणाऱ्या हातांची जाहिरात कोण करणार?

तोडणीत काय होतं हे सरकारला ठाऊक आहे. क्लेमेंसो ही फ्रेंच विमानवाहू नौका अलंगला तोडायला निघाली होती, तेव्हा तिच्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून गदारोळ झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सनं ती परत बोलावली. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीपुढे अलंगच्या कामगारांची तपासणी आली. अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ९४ जणांपैकी १५ जणांच्या एक्स-रेमध्ये अ‍ॅस्बेस्टोसिसशी जुळणाऱ्या खुणा होत्या. फ्रान्सच्या कामगारांना जे नको होतं, ते आपल्या कामगारांच्या छातीत आधीच होतं.

आता हे 'पुरुषांच्या कामाचं' दुखणं आहे, आपल्या मासिकात कशाला, असं एखादी म्हणेल. तिला मी सांगेन की या दुखण्याचा इतिहास बायकांपासूनच सुरू होतो. १८९८ साली इंग्लंडमध्ये ल्यूसी डीन या कारखाना-निरीक्षक बाईनं अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ घातक आहे असं सरकारी अहवालात लिहून ठेवलं. कोणी मनावर घेतलं नाही. रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात सूत कातणारी नेली केरशॉ १९२४ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी या धुळीनं मेली. वैद्यकाच्या नोंदीत अ‍ॅस्बेस्टोसिसचा पहिला मृत्यू म्हणून तिचं नाव आहे. कंपनीनं तिला भरपाई नाकारली. ही कंपनी पुढे टर्नर अँड न्यूऑल झाली, आणि तिचीच एक शाखा हिंदुस्थान फेरोडो या नावानं आपल्या घाटकोपरला आली. तो कारखाना नंतर हिंदुस्थान कंपोझिट्स झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिथल्या कामगारांपैकी साधारण पाचातल्या एकाला अ‍ॅस्बेस्टोसिस आढळला. रॉचडेलपासून घाटकोपरपर्यंत धूळ तीच, फक्त ऐंशी वर्षं मध्ये गेली.

आणि घरातल्या बाईचं काय? १९६५ साली लंडनमध्ये डॉ. म्युरिअल न्यूहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मेसोथेलिओमाच्या रुग्णांची विचारपूस केली. त्यांत असे नऊजण निघाले की ज्यांनी स्वतः कधी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलं नव्हतं, पण घरातलं कोणीतरी करत होतं. नवांपैकी सात बायका होत्या. बहुतेकींची हकिगत एकच होती, नवऱ्याचे कामावरचे कपडे त्या धूत होत्या. म्हणजे जगाला हे साठ वर्षं माहीत आहे. १९८६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं अ‍ॅस्बेस्टॉसचा करार केला, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की कामाचे कपडे घरी नेण्यावर बंदी असावी आणि ते धुण्याची जबाबदारी मालकाची असावी. भारतानं या करारावर सही केलेली नाही. मालकाची ती जबाबदारी आपल्याकडे बायकोनं फुकटात उचलली. घरकामाला मोल नाही असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. इथं तर बाईनं कारखान्याचं धोक्याचं काम घरात केलं, आणि त्याची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नाही.

आता भरपाईच्या वाटा पाहू, कारण नुसत्या संतापानं घर चालत नाही.

अ‍ॅस्बेस्टोसिस, आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा, हे आपल्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य आहेत. १९२३च्या कामगार भरपाई कायद्यात आणि १९४८च्या राज्य विमा कायद्यात ते होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, तरी आजारांची यादी तिथंही आहे. गिरणगावातल्या बायकांना हे नवीन नाही. कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस याच यादीत आहे, आणि परळ-लालबागच्या गिरणी कामगारांनाही छातीचा टीबी म्हणूनच वर्षानुवर्षं वाटेला लावलं गेलं.

कोणती वाट कोणाची, हे नोकरी कशी होती त्यावर ठरतं. कामगार राज्य विमा योजनेत असेल तर दावा विमा महामंडळाकडे जातो, आणि मृत्यूनंतर बायकोला दरमहा आश्रितांचा लाभ मिळतो. विमा नसेल तर दावा भरपाई आयुक्तांपुढे, मालकाविरुद्ध. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. नौदलाच्या गोदीतला कायम कामगार हा केंद्र सरकारचा नागरी कर्मचारी असतो. त्याच्या बाबतीत आजार सेवेमुळे झाला हे दाखवता आलं तर असाधारण पेन्शनचे नियम किंवा भरपाईचा कायदा, यांतलं जे लागू असेल ते मागता येतं. साधं कुटुंब पेन्शन सुरू आहे म्हणून विषय संपला असं समजू नका. असाधारण पेन्शन वेगळं असतं आणि ते मागावं लागतं.

दोन गोष्टी मुद्दाम सांगते. पहिली, आजार निवृत्तीनंतर उघडकीस आला तरी दावा बुडत नाही. तो त्या कामामुळे झाला हे सिद्ध झालं की पुरेसं असतं. दुसरी, दाव्याला मुदत असते. उशीर झाला असेल तर पुरेसं कारण देऊन तो माफ करून घेता येतो, पण आजाराचं नाव कळल्याच्या दिवसापासून थांबू नका. आणि हेही माहीत असावं की भरपाईच्या हिशोबात वयाचा गुणक असतो. सोळा वर्षांच्या मुलासाठी तो २२८.५४ आहे, पासष्टीनंतर ९९.३७. जो आजार म्हातारपणीच दिसतो, त्याची भरपाई कायद्यानं आधीच निम्म्याहून कमी करून ठेवली आहे.

या सगळ्याला आधार आहे तो २७ जानेवारी १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर न्यायालयानं सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांत जे उशिरा येईल तोपर्यंत मालकानं ठेवायची आहे. म्हणजे कागद आमच्याकडे नाहीत, हे उत्तर चालणार नाही.

पण कागद आपणही जपायला हवेत, आणि ते काम बायकाच करतात. नेमणूकपत्र, गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, जुने एक्स-रे, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, काही फेकू नका. नवरा हयात असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या, कुठल्या साली कुठल्या खात्यात, कोणत्या कामावर, सोबत कोण होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्याचं काम केसपेपरवर लिहून द्यायला सांगा. टीबीच्या औषधानं गुण येत नसेल आणि थुंकीत जंतू सापडत नसतील तर छातीचा सीटी स्कॅन आणि श्वासाची तपासणी मागा. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडलं' एवढंच लिहू देऊ नका, त्यामागचा आजार लिहून घ्या. लग्नाचा दाखला नसेल तर आजच काढा. विधवेचा हक्क कायद्यात पहिला आहे, पण ती विधवा आहे हे सिद्ध करताना दीर-भावजयींच्या दारात उभं राहायची पाळी बाईवर येते, हे आपण पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

हे झालं बायको म्हणून. आजार बाईलाच झाला तर? तर यांतली एकही वाट तिच्यासाठी उघडी नाही. ती कामगार नाही, विमेदार नाही, तिचा कोणी मालक नाही. कायद्याच्या लेखी तिला हा आजार होऊच शकत नाही. दिवाणी दावा करता येईल, पण धापा टाकणाऱ्या बाईनं वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का? हे अटळ नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून मेसोथेलिओमा झालेल्यांसाठी एक योजना आहे, आणि नातेवाइकाचे कपडे धुताना धूळ लागलेल्या बाईला त्यातून पैसे मिळतात. जपाननं २००६ साली कामगार नसलेल्या बाधितांसाठी कायदा केला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली म्हटलं की कामगाराच्या अंगावरून घरी जाणाऱ्या धुळीबद्दल घरातल्यांशीही मालकाचं उत्तरदायित्व आहे.

आपल्याकडे अशी मागणी केली की लगेच ऐकवतात, नौदलाची बदनामी करता, नोकऱ्यांवर टाच आणता. नौदलाच्या गोदीत राबणाऱ्या माणसाची आणि त्याच्या बायकोची छाती हीसुद्धा देशाचीच आहे. आणि नोकरीचं म्हणाल तर जगातल्या साठांहून जास्त देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, त्यांच्या गोद्या बंद पडल्या नाहीत. जहाजांवर नव्यानं अ‍ॅस्बेस्टॉस बसवायला आंतरराष्ट्रीय नियमानं २०११ पासून पूर्ण मनाई आहे. आपला देश मात्र पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस आजही बाहेरून आणतो.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. जहाजदुरुस्ती आणि जहाजतोडणीतल्या निवृत्त आणि ठेक्यावरच्या कामगारांसोबत त्यांच्या घरातल्या बायकांचीही मोफत तपासणी व्हावी. कामाचे कपडे गोदीतच राहावेत आणि तिथंच धुतले जावेत. घरात बाधा झालेल्या बाईला स्वतःच्या नावानं भरपाई मिळावी, कोणाची बायको म्हणून नव्हे. आणि अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी यावी.

मच्छीमार नगरातल्या त्या बैठकीत शेवटी रेशनकार्डांचं काम राहिलंच. त्याऐवजी आम्ही एका वहीत नावं लिहायला घेतली. कोणाच्या घरचं कोण गोदीत होतं, किती वर्षं, आणि कपडे कोण धुवायचं. शेवटच्या रकान्याला आधी बायका हसल्या. मग एकेक जण सांगू लागली. संध्याकाळपर्यंत सतरा नावं झाली होती. माझगाव, दारूखाना, शिवडी, जिथं जिथं आपले गट आहेत तिथं मैत्रिणींनी अशी वही सुरू करावी. पुढच्या अंकापर्यंत वह्या एकत्र करू आणि मग भरपाई आयुक्तांच्या दारात मिळून जाऊ.