ऑनलाइन अर्जातील मजकूर जसाच्या तसा राखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
माहिती तंत्रज्ञान संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : ऑनलाइन अर्जांच्या रकान्यांत नागरिकांनी केलेली मांडणी कायम ठेवणे.

महोदय,

जमीन मोजणीवर हरकत घेणारा शेतकरी घडलेला प्रकार तारीखवार लिहितो, प्रत्येक मुद्द्याला वेगळा परिच्छेद देतो. 'सादर करा' दाबल्यावर पोचपावतीत मात्र सगळा मजकूर सलग उतरतो. गट क्रमांक, तारखा, मागणी यांची सरमिसळ होते आणि सुनावणी घेणाऱ्यालाही मुद्दा हुडकावा लागतो.

यात यंत्राची अडचण फारशी नाही. ओळतोड बहुधा साठवलेली असते. पान दाखवताना ब्राउझर ती साध्या मोकळ्या जागेत गुंडाळतो. सीएसएसमध्ये 'प्री-रॅप' ही एक सूचना दिली की परिच्छेद पुन्हा दिसू लागतात.

मराठीला याहून मोठी झळ बसते. काही कळफलक 'दऱ्या' लिहिताना शून्य रुंदीचे, न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. सफाईच्या नावाखाली ते गाळले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि डोंगरातल्या गावाची तक्रार थेट समुद्रावर पोचते. मजकुराच्या मर्यादेचेही तसेच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. १००० बाइटच्या रकान्यात जेमतेम ३३३ चिन्हे मावतात; त्यांतली चार एकट्या 'क्षि'वर खर्ची पडतात.

तालुका बदलला की गावांची यादी नव्याने येते. त्या वेळी अख्खा अर्ज पुन्हा रेखाटला गेला, तर खालच्या रकान्यात लिहिलेले सगळे पुसले जाते. इंग्रजी अंकांत टंकलेला १२/२ हा गट क्रमांक एक्सेलमध्ये उघडताच तारीख बनतो, ती कटकट वेगळीच.

यास्तव अर्जदार व सेवा केंद्रचालकांच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. ओळतोड व परिच्छेद पडद्यावर, पीडीएफमध्ये आणि छापील प्रतीत सारखेच दिसावेत.
२. जोडचिन्हे गाळू नयेत. मूळ मजकूर न बदलता साठवावा.
३. मर्यादा बाइटऐवजी अक्षरांत मोजावी व उरलेली अक्षरे लिहितानाच दाखवावीत.
४. रकाने बदलताना किंवा चूक दाखवताना भरलेला मजकूर पुसला जाऊ नये.
५. गट क्रमांक, पिनकोड, खाते क्रमांक हे आकडे न मानता मजकूर म्हणून साठवावेत.
६. नवा अर्ज खुला करण्यापूर्वी जोडाक्षरे, देवनागरी अंक व अनेक परिच्छेद असलेल्या मराठी नमुन्यावर त्याची चाचणी घ्यावी आणि चाचणीचा अहवाल जाहीर करावा.

या मागण्यांवरील निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
अर्जदार व सेवा केंद्रचालक