काचेच्या फ्लास्कची पूजा

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

घरी बिअर करणाऱ्या कुठल्याही आयटीवाल्याच्या किचनमध्ये जा. (इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या. १९७८ च्या कायद्याने इथे स्वतःपुरती बिअर घरी करायला केंद्र सरकारची मुभा मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे, तेव्हा पुणेकरांनी नुसतं वाचावं.) ओट्यावर काय दिसतं? शंकूच्या आकाराचा एर्लेनमायर फ्लास्क, खाली मॅग्नेटिक स्टरर, आणि आत गरगर फिरणारं पिवळट पाणी. फोटो झक्कास येतो. माझ्याकडेही हे सगळं आहे. स्टरर तर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि हार्डडिस्कचं चुंबक वापरून मीच बनवलाय. म्हणून हक्काने सांगतो, यातलं बरंचसं नाटक आहे.

स्टार्टर म्हणजे काय, तर यीस्टचं विरजण. १ लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम सुकं माल्ट उकळायचं, थंड करायचं, त्यात यीस्ट सोडायचं आणि एक-दोन दिवस वाढू द्यायचं. का? तर हिशोब असा: एल जातीच्या बिअरला दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला सुमारे साडेसात लाख पेशी लागतात. १९ लिटर, १२ प्लेटोचा काढा असेल तर झाल्या १७० अब्ज. द्रवरूप यीस्टच्या ताज्या पाकिटात साधारण १०० अब्ज असतात. उरलेल्या आपण वाढवायच्या. बस्स, एवढंच!

आता माझी फजिती. सेलमध्ये यीस्टची तीन पाकिटं एकदम घेतली. पहिल्या दोन्ही वेळा फ्लास्क, स्टरर, वर अॅल्युमिनियम फॉइलची टोपी, सगळं अगदी शास्त्रोक्त. आणि दोन्ही वेळा बिअर १.०२२ वर अडकून बसली, गोडमिट्ट. मी पाण्याला शिव्या दिल्या, माल्टला दिल्या, हवेला दिल्या. यीस्टवर संशय म्हणून आला नाही. येणार कसा? स्टार्टर ‘लॅब’मध्ये केला होता ना! शेवटी एका मित्राचा मायक्रोस्कोप आणून तिसऱ्या पाकिटातला थेंब मेथिलीन ब्लू घालून पाहिला. मेलेल्या पेशी निळ्या होतात. निम्म्याहून जास्त निळ्या! मग पाकिटावरची तारीख वाचली. ती आधी वाचायला फ्लास्क लागत नव्हता, चष्मा पुरला असता.

माझं भांडण आहे ते इथे. उपकरणं आणली की आपल्याला वाटतं, आपण शास्त्र करतोय. पण फ्लास्क काहीच मोजत नाही हो! त्याच्या अंगावरच्या रेघासुद्धा अंदाजापुरत्याच असतात. शास्त्र मोजण्यात आहे. डब्लिनच्या गिनेसमध्ये विल्यम गॉसेट नावाचा माणूस होता. काचपट्टीवरच्या बारीक चौकोनांत यीस्टच्या पेशी मोजताना चूक किती होते, यावर त्याने १९०७ साली निबंध लिहिला. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती, म्हणून सही केली ‘स्टुडंट’. पुढच्याच वर्षी आला तो ‘स्टुडंट’चा टी-टेस्ट, जो आपण आज ए/बी टेस्टिंगमध्ये डोळे मिटून वापरतो. त्याचं मोठेपण भांड्यात नव्हतं, ‘माझा आकडा कितपत खरा?’ या प्रश्नात होतं.

कोणी म्हणेल, “अरे, छंद आहे, दिसू दे की छान, तुझं काय जातं?” माझी ३८ लिटर बिअर गेली, साहेब! आणि फ्लास्कचा फायदा आहेच: उकळणं, गार करणं, वाढवणं एकाच भांड्यात होतं, सपाट बुडावर चुंबकही नीट फिरतं. पण स्टीलच्या पातेल्यात उकळा, झाकून गार करा, निर्जंतुक केलेल्या काचेच्या बरणीत ओता आणि येता-जाता बरणी गोल हलवा, तरी यीस्ट वाढतं. कोरडं यीस्ट वापरत असाल तर बहुतेक वेळा स्टार्टरच लागत नाही.

म्हणून नव्या मंडळींना कळकळीने सांगणं: पहिल्या खरेदीत फ्लास्क घेऊ नका. आधी तारीख वाचा, पेशींचा हिशोब करा, वहीत लिहा. पैसे उरले तर मायक्रोस्कोप आणि ती चौकोनांची काचपट्टी घ्या. फोटो तितका चांगला येणार नाही.

असो. माझा फ्लास्क सध्या ओट्यावरच आहे. त्यात बायकोने मनीप्लँट लावलाय. मस्त वाढतोय.