शाळेतला रोबोट तलावाच्या पाळीवर न्या

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला विक्रीला आला. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्याच्यासाठी प्रोग्राम लिहून तो आतून समजून घ्यावा, हा त्यामागचा हेतू होता. आपल्याकडे २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार लॅब उभारू, असे २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. पण लॅबच्या साहित्यातून बहुतेक वेळा काळ्या पट्टीवर धावणारी किंवा भिंत दिसताच वळणारी गाडी तयार होते आणि विज्ञान प्रदर्शन संपले की कपाटात जाते. भंडारा जिल्ह्यात तरी या मुलांचा पहिला मोठा प्रकल्प गावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

गाडीला भिंत दाखवणारा अल्ट्रासोनिक सेन्सर खांबावर उलटा टांगला की तो खालच्या पाण्याची पातळी सांगतो. तो कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणून दोनाने भागले की अंतर निघते. खरे शिक्षण इथून पुढे आहे. हवा १० अंशांवर असताना आवाज सेकंदाला सुमारे ३३७ मीटर जातो, ४५ अंशांवर सुमारे ३५८. हिवाळ्यातला वेग गृहीत धरलेले यंत्र मे महिन्यात दोन मीटरच्या अंतरात जवळपास १२ सेंटिमीटर चुकेल आणि तलावात नसलेले पाणी दाखवेल. दहा हेक्टरच्या पसरट तलावात हे पाणी सव्वा कोटी लिटरच्या आसपास भरते. मग तापमानाचा सेन्सर जोडावाच लागतो. शिवाय या सेन्सरचा साधा प्रकार पाच व्होल्टचा संकेत देतो, तर रास्पबेरी पायच्या पिनला ३.३ व्होल्टच सोसतात; मध्ये दोन रेझिस्टर घातले नाहीत तर बोर्ड जळू शकतो. ओहमचा नियम इतका स्पष्ट फळ्यावर कळत नाही.

मुलांना साधा भागाकार नीट येत नाही, तिथे हे थेर कशाला, असे कुणी विचारेल. चिंता रास्त आहे. पण भागाकार चुकला तर तलाव चुकतो, हे इथे मुलाला डोळ्यांनी दिसते. पातळी मोजायला रंगवलेली पट्टी पुरते, हा आक्षेपही खरा. ती पट्टी हवीच. रोज सकाळी ती वाचून वहीत नोंद केल्याशिवाय यंत्र खरे की खोटे हे ठरणार कसे? तिसरा प्रश्न, मोटार लावून तलावातून पाणी सोडायचे दार, म्हणजे तुडूमही यंत्रानेच उघडायचे का? माझे उत्तर नाही असे आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर धानाची शेती उभी राहिली. पाणी कुणाच्या बांधीला आधी सोडायचे हे गावाने बसून ठरवायचे. मोटार मुलांनी वर्गातल्या नमुन्यावर चालवावी. अडचण खरी आहे ती शिक्षकाची. त्याच्या वेळापत्रकात या कामाला तास नसेल, तर पहिली तार तुटताच प्रकल्प बंद पडेल. म्हणून लॅबच्या खर्चात पावसात टिकणारा सेन्सर, खांब आणि डबा यांची तरतूद हवी, आणि रोवणीपासून कापणीपर्यंत आठवड्याला दोन तास हवेत.