किल्ल्या दिल्यानंतरचा हिशेब

भाड्याचे घर सोडताना माणूस दोन गोष्टी मोजतो : सामानाचे नग आणि अनामत रक्कम. नगांचा हिशेब टेम्पोवाल्यापाशी त्याच दिवशी मिटतो. अनामतीचा मात्र मालकाच्या सवडीने आणि बहुधा मर्जीने.

पुण्यात मी आजवर पाच घरे बदलली. त्यांतल्या एका मालकांनी रिकाम्या घराची पाहणी आमच्या माघारी केली आणि आठ दिवसांनी फोनवर रंग, मोरीची फरशी व 'साफसफाई' मिळून जवळजवळ महिन्याचे भाडे कापल्याचे कळवले. बिल मागितले, तर 'आमच्यावर विश्वास नाही का?' असा प्रतिप्रश्न आला. पैसे आमचे, तक्रार त्यांची आणि निवाडाही त्यांचाच!

वास्तविक घराची झीज आणि घराचे नुकसान यांतला भेद कायद्याला १८८२ पासून ठाऊक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार भाडेपट्टेदाराने जागा घेतली तशी परत करायची, पण वाजवी वापराने होणारी झीज वगळून. आपले अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे, हे खरे. पण न्यायाची गोष्ट करारनाम्याच्या नावाने बदलू नये. पंख्याच्या वाऱ्याने हलणाऱ्या कॅलेंडरचा भिंतीवर उमटलेला अर्धगोल ही झीज. ओट्याचा उडालेला कोपरा हे नुकसान. पहिल्याची किंमत मालकाला भाड्यातून मिळालेलीच असते. केंद्राचा २०२१ चा नमुना भाडेकरार कायदा तर भिंतींची सफेदी आणि दारे-खिडक्यांचा रंग ही कामे मालकाच्याच यादीत घालतो. नळ, बटणे, कड्या-कुलपे भाडेकरूच्या. घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको आणि रास्त वजावट करून ती ताबा घेण्याच्या दिवशीच परत द्यावी, असेही त्यात आहे. पण तो नमुना. राज्याने स्वीकारल्याखेरीज कोणावर बंधन नाही.

मालकांची बाजू नाही असे मी म्हणणार नाही. विजेचे शेवटचे बिल थकवून, सिंक फोडून, बेसिनच्या खाली बादली ठेवून निघून जाणारे भाडेकरू मीही पाहिले आहेत. पण मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागण्याचा हक्क महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ ने मालकाला दिला आहेच. त्याच कायद्याच्या कलम ५५ ने करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही मालकावर टाकली आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, वा दोन्ही. म्हणजे कागद तयार करणे हे मालकाचेच काम. मग त्या कागदात 'पंखे ४, गिझर १' एवढेच का असावे? भिंतीला ओल होती का, फरशीला तडा होता का, हे राहायला येण्याच्या दिवशी लिहिले नसेल, तर जाण्याच्या दिवशीची पाहणी कशाशी ताडून बघायची? आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

पाहणी भाडेकरूसमोर, दिवसाउजेडी, सामान हलल्यावर आणि किल्ल्या देण्याआधी व्हावी. मीटरचा आकडा दोघांनी वाचावा. कापायचे ते बिल दाखवून कापावे, उरलेले तिथेच द्यावे. मालकाला यात जाते काय? एक सकाळ. उलट पंधरा-वीस हजारांसाठी कोर्टाची पायरी कोणी चढत नाही, या भरवशावर कित्येक वजावटी निभावून जातात.

सध्याच्या घराच्या करारात मी हे सारे चार ओळींत घालायला सांगितले. 'असं कोणी लिहीत नाही हो,' एजंट म्हणाले. घरमालकीणबाईंनी चष्मा लावून त्या ओळी दोनदा वाचल्या, 'पाहणीला माझा मुलगाही असेल' एवढी भर घातली आणि सही केली.