अट कोणती आणि अडसर कोणता?



पदवीचा नियम हाही एक कायदाच असतो. कायद्याच्या कलमाला जो प्रश्न विचारावयाचा, तोच विद्यापीठाच्या नियमालाही विचारला पाहिजे: हा नियम कोणाचे रक्षण करतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो? आपल्या घरांतील ज्या मुली परिचारिका झाल्या आहेत, त्यांपैकी काही उद्या अमेरिकेत जातील व तेथे पुढे शिकू इच्छितील. त्यांच्यापुढे ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ या पदवीचा मार्ग आहे. त्या मार्गावरील नियम आपण आजच पारखून घेतले पाहिजेत.

ही पदवी म्हणजे पीएच.डी. नव्हे. पीएच.डी. संशोधनाने नवे ज्ञान सिद्ध करते. ही पदवी सिद्ध झालेले ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे न्यावे हे शिकविते. म्हणून येथे प्रबंधाऐवजी प्रकल्प करावा लागतो. रुग्णसेवेतील एखादी उणीव हेरावी, ती दूर करण्याचा उपाय प्रत्यक्ष अमलात आणावा आणि काय फरक पडला ते मोजून दाखवावे, असे त्याचे स्वरूप असते. केंटकी विद्यापीठाने हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू केला. २००४ साली अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने ठराव केला की, २०१५ पर्यंत उच्च परिचर्येतील प्रवेश याच पदवीने व्हावा. २००६ साली तिने पहिल्या पदवीनंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचे किमान १००० तास ही अट घातली.

या १००० तासांविरुद्ध आमची मुळीच तक्रार नाही. जिच्या हाती रुग्णाचा जीव सोपवावयाचा, तिचा हात जाणत्याच्या नजरेखाली तयार झालाच पाहिजे. परवाना निष्कलंक असावा, गुण ठराविक पातळीखाली जाऊ नयेत, प्रकल्पाची कसून तपासणी व्हावी, या अटी रुग्णाचे रक्षण करतात. त्या सैल करा असे जो म्हणेल तो आपला हितचिंतक नव्हे. सवलतीची पदवी घेऊन आपली मुलगी आयुष्यभर संशयाखाली वावरावी, हे आपल्याला नको आहे.

परंतु याच नियमावलीत दुसऱ्या जातीचे नियम बसले आहेत. देखरेख करणारा अनुभवी मार्गदर्शक कित्येक अभ्यासक्रमांत विद्यार्थिनीनेच शोधून आणावयाचा असतो. ओळखीपाळखीच्या घरातील मुलीला तो सहज मिळतो. परक्या देशातून आलेली मुलगी दारोदार फिरते. हे तास बहुधा बिनपगारी असतात, म्हणजे नोकरीवर जगणारीने नोकरीचे तास कमी करून ते भरावयाचे. प्रकल्पाला रुग्णालयाची संमती लांबली, तरी अनेक ठिकाणी पदवी मिळेपर्यंत प्रत्येक सत्राची नोंदणी चालू ठेवून शुल्क भरावेच लागते. आणि ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम संपला नाही, तर आधीचे श्रम वाया जाण्याची भीती असते. यांतील कोणता नियम रुग्णाचे रक्षण करतो? एकही नाही. हे नियम तपासतात ते विद्यार्थिनीची ऐपत आणि तिच्या ओळखी. पात्रता तपासते ती अट. ऐपत तपासतो तो अडसर.

हा भेद आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांचा प्रबंध कोलंबिया विद्यापीठाने स्वीकारला होता. परंतु त्या काळी छापील प्रती दाखल केल्यावाचून पदवी मिळत नसे. ग्रंथ १९२५ साली छापला गेला आणि पदवी १९२७ साली मिळाली. विद्वत्तेची कसोटी केव्हाच पार पडली होती. मध्ये उभी राहिली ती छपाईची अट.

कोणी म्हणेल, ज्याला झेपेल त्याने शिकावे, सक्ती कोठे आहे? खरे आहे, २०१५ साल येऊन गेले तरी नर्स प्रॅक्टिशनरचा परवाना आजही मास्टर्स पदवीवर मिळतो. परंतु भूल देणाऱ्या परिचारिकांच्या शिक्षणात २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेटचाच अभ्यासक्रम घ्यावा लागतो. आजची शिफारस उद्याची सक्ती होते ती अशी.

आता सरकारची तऱ्हा पाहा. २०२५ च्या जुलैतील संघीय कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कर्जावर मर्यादा घातली: साध्या पदवीला वर्षाला २०,५०० डॉलर व एकूण १ लाख, ‘व्यावसायिक’ पदवीला वर्षाला ५०,००० व एकूण २ लाख. २०२५ च्या नोव्हेंबरात शिक्षणखात्याच्या समितीने मान्य केलेल्या मसुद्यात व्यावसायिक पदव्यांमध्ये वैद्यक होते, कायदा होता, ईश्वरशास्त्रही होते, परिचर्या नव्हती! ईश्वराची चर्चा हा व्यवसाय, आणि माणसाची शुश्रूषा हा व्यवसाय नव्हे, हा कोणता न्याय? एकीकडे व्यवसायाच्या धुरीणांनी म्हणावे, डॉक्टरेट घ्या. दुसरीकडे राज्यसंस्थेने म्हणावे, तुमच्या पदवीला तेवढे कर्ज नाही. या दोहोंच्या मध्ये चिरडली जाते ती गरीब घरची परिचारिका. हे कर्ज मुख्यतः नागरिकांना व कायम रहिवाशांना मिळते. परंतु तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुली त्यांतच मोडतात.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. १००० तास ठेवा; पण मार्गदर्शक मिळवून देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य माना. प्रकल्प कडक तपासा. पण रुग्णालयाच्या दिरंगाईचे शुल्क विद्यार्थिनीकडून घेऊ नका. जी पदवी मागता, तिला व्यावसायिक पदवीचा दर्जा द्या.

आणि आपले कर्तव्य? मुलीचे शुल्क भरण्यापूर्वी नियमावली मागवून घ्या व चार प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या. अभ्यासक्रमाला अधिकृत मान्यता आहे काय? मार्गदर्शक कोण देणार? आधी केलेल्या तासांपैकी किती धरले जातील? मुदत किती, आणि ती संपल्यास काय? तोंडी आश्वासनावर विसंबू नका. तक्रारीची वेळ आली, तर हाती असलेला कागदच तुमच्या बाजूने बोलेल.