फोन हातात, किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, परवा बोरिवलीहून चर्चगेटला जाणारी लेडीज स्पेशल पकडली. ५ मे १९९२ रोजी सुरू झालेली ही गाडी. पूर्वी डब्यात भाजी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका हमखास दिसायच्या. आता जिकडे बघावं तिकडे माना मोबाइलवर झुकलेल्या.

शेजारच्या ताईंच्या हातात चांगला भारीतला फोन होता. म्हटलं, ‘‘ताई, अंधेरीला किती वाजता पोहोचतो, बघता का?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘मला नाही हो कळत त्यातलं. मुलगा लावून देतो सगळं.’’ पैशांचा पिनसुद्धा त्यालाच ठाऊक!

मला वाटतं, घरोघरी हेच चित्र आहे. मिक्सर बिघडला तर आपण खोलून बघतो. मग फोनलाच एवढं का घाबरायचं? चुकीचं बटण दाबलं म्हणून तो फुटत नाही. मागे यायचं, पुन्हा दाबायचं.

सुरुवात सोपी करा. अक्षरं बारीक दिसतात? सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन ती मोठी करून घ्या. टाइप करायचा कंटाळा येतो? कीबोर्डची भाषा मराठी करा, माइकचं चित्र दाबा आणि चक्क बोला. तुमचं बोलणं मराठीत उमटतं. बँकेचं पत्र इंग्रजीत आलं, तर गूगल लेन्स उघडून कॅमेरा त्यावर धरा. मराठी भाषांतर समोर येतं. शब्दन्‌शब्द बरोबर नसतं, पण मतलब कळतो.

‘फोन भरला’ ही तर रोजची रड. त्यात निम्मा वाटा ‘शुभ सकाळ’च्या फुलांचा! व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये फोटो आपोआप उतरणं बंद करा. कपाटात मुलांचा जुना टॅब पडला असेल, तर तो बाहेर काढा. मोठ्या पडद्यावर पेपर वाचायला आणि लेकीशी व्हिडिओवर बोलायला तो झकास.

आमच्या उपनगरांत फोनने रोजची दगदग खरंच कमी केली. २०१० साली सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर आलं आणि लोकलचं वेळापत्रक पर्समध्ये बसलं. २०१४ च्या डिसेंबरात मोबाइलवर तिकीट सुरू झालं. २०२५ च्या जुलैत रेल्वेचं ‘रेलवन’ अ‍ॅप आलं. त्यावर लोकलचंच नव्हे, तुमच्या गावच्या स्टेशनवरचं जनरल तिकीटही निघतं. घाटकोपरच्या गर्दीत रांग चुकवणारी बाई जे शिकली, ते तुम्हालाही जमेल.

पण गंमत बाजूला ठेवून एक सांगते. माझ्या मुलुंडच्या मावशीला एकदा फोन आला, ‘‘तुमचे पैसे परत करायचे आहेत, पिन टाका.’’ तिने टाकला आणि खात्यातून आठ हजार गेले. घरच्यांच्या भीतीने दोन दिवस बोललीच नाही. लक्षात ठेवा, पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, पाठवतानाच लागतो. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. जिवावरचं संकट असेल तर ११२.

आज आणखी एक काम करा. फोनवर *#०६# दाबा. जो लांबलचक आकडा येईल, तो वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या ‘संचार साथी’वर तो बंद करून टाकता येतो. तिथे हाच आकडा विचारतात.

मुलाला, नवऱ्याला जरूर विचारा. पण ‘‘तू करून दे’’ म्हणू नका, ‘‘मला दाखव, मी करते’’ म्हणा. आठवड्याला एक गोष्ट पुरे. आणि पिन? तो आपल्या डोक्यातच ठेवायचा. डब्यातले पैसे आपण कुठे ठेवतो, ते कधी कुणाला सांगतो का?