नाक्यावरचा रोजनामा

पॅलेस्टाइनमधील दुसऱ्या उठावास तोंड लागून अवघे काही महिने लोटले होते, तेव्हा, 2001 च्या आरंभी, काही इस्रायली स्त्रियांनी ‘मख्सोम वॉच’ नावाची संस्था काढली. वेस्ट बँकेतील लष्करी नाक्यांवर जाऊन उभे राहावे, जे घडते ते डोळ्यांनी पाहावे आणि त्याची तारीखवार नोंद लिहून प्रसिद्ध करावी, एवढाच तिचा उद्योग. हाती अधिकार नाही, सरकारी सनद नाही, आणि स्वतःच्याच देशबांधवांपैकी पुष्कळांच्या लेखी हा फितुरीचा प्रकार. तरीही, बहुधा उतारवयाकडे झुकलेल्या या स्त्रियांनी तो नेटाने चालविला. पुढच्याच वर्षी जागतिक चर्च परिषदेने, जेरुसलेममधील धर्मप्रमुखांच्या आवाहनावरून, परदेशी स्वयंसेवकांना तीन-तीन महिने तेथे ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला. तेही नाक्यांवर उभे राहून, किती माणसे पार झाली आणि किती वेळात, याची मोजदाद करू लागले.

बेथलेहेमहून जेरुसलेमकडे जाताना लागणाऱ्या, ‘चेकपॉइंट 300’ अशा रुक्ष नावाच्या नाक्यावर पहाटे तीनच्याही आधी कामावर निघालेली पॅलेस्टिनी माणसे जमू लागत. लोखंडी गजांनी दोहो बाजूंनी बंदिस्त केलेली ती अरुंद वाट भरून गेली की मागून येणारे काही तरुण गजांवर चढून पुढे सरकत, वृद्ध बिचारे भिंतीशी चेपले जात, कोणी रांगेतच पहाटेची नमाज उरकी, आणि बाहेर कॉफी व पाव विकणाऱ्यांचा धंदा तेवढा तेजीत चाले. पुढे फिरते फाटक, मग यंत्र, मग ओळखपत्र, बोटांचे ठसे आणि परवाना. आणि एवढे सोपस्कार झाल्यावर सात वाजता बांधकामावर रुजू व्हावयाचे. स्त्रिया, वृद्ध व आजारी यांच्यासाठी एक निराळे फाटक होते, त्याला नाव होते ‘मानवतेचे’. ते वेळेवर उघडत नसे, ही तक्रार निरीक्षकांच्या नोंदींत इतक्या वेळा येते की वाचणारा कंटाळावा. परंतु या कंटाळ्यातच त्या नोंदींचे मोल आहे. जुलमाची एक घटना वृत्तपत्रांत एक दिवस टिकते. तोच जुलूम रोज घडू लागला की ती बातमी उरत नाही, आणि मग त्याला साक्षी राहतो तो केवळ असा नीरस रोजनामा.

या कार्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला वजनदार वाटतो. रांग लवकर सरकावी, छप्पर असावे, फाटक वेळेवर उघडावे, असा तगादा लावणारा मनुष्य नाका असण्याचे समर्थन नकळत करून बसतो, असे टीकाकार म्हणतात. 2019 मध्ये बेथलेहेम व कलंदिया येथील नाक्यांवर नवी यंत्रे बसली, गर्दी पुष्कळ ओसरली, आणि सुधारणेचे श्रेय सरकारच्या पदरी पडले. परवान्याचा मूळ प्रश्न होता तेथेच राहिला. 1972 पासून जवळजवळ दोन दशके पॅलेस्टिनी माणसास इस्रायलमध्ये जाण्यास सर्वसाधारण मुभा होती. 1991 मध्ये ती रद्द होऊन प्रत्येकास स्वतंत्र परवाना आवश्यक झाला. परवाना मालकाच्या नावाशी जखडलेला, म्हणून दलालांचे फावले. महिन्याकाठी दोन हजार शेकेल किंवा त्याहून अधिक रक्कम मोजणारे मजूर काही थोडेथोडके नव्हते. सुरक्षेचे कारण पुढे करून ज्यांना मनाई होते, त्यांना ते कारण बहुधा कळविलेही जात नाही. मख्सोम वॉचच्या स्त्रियांनी अशा मनाईविरुद्ध अर्ज लिहून देण्याचे, प्रसंगी न्यायालयापर्यंत जाण्याचे काम अंगावर घेतले. टीकाकारांना याहून चोख उत्तर असेल असे मला वाटत नाही.

7 ऑक्टोबर 2023 च्या हत्याकांडानंतर इस्रायलने जवळजवळ सर्व परवाने स्थगित केले. सुमारे दीड लाख मजुरांची रोजी एका हुकुमासरशी बुडाली, आणि एके काळी जेथे श्वास घ्यावयास जागा नसे तेथे पहाटेची गर्दीच नाहीशी झाली. केवळ रांगेची लांबी मोजणाऱ्याच्या वहीत ही स्थिती आदर्शच ठरली असती! निरीक्षकाने किती मिनिटे लागली याबरोबरच कोणास येऊच दिले नाही हेही लिहिले पाहिजे, हे त्या रिकाम्या नाक्यांनी जितके स्पष्ट केले तितके भरलेल्या नाक्यांनी कधी केले नव्हते.

या मजुरांच्या कामाच्या जागा अर्थात रिकाम्या राहिल्या नाहीत. इस्रायलचा भारताशी मनुष्यबळाचा करार मे 2023 मधला, म्हणजे त्या हत्याकांडापूर्वीचा, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण भरतीस खरा वेग आला तो 2024 मध्ये, प्रथम हरियाणा व उत्तर प्रदेशात, आणि सप्टेंबरात पुण्यात. सेंटरिंग, सळई, फरशी आणि गिलावा ही कामे जाणणारा आपल्याकडचा कारागीर चार पैसे अधिक मिळावे म्हणून तेथे गेला तर त्याला दोष देण्याचा अधिकार, येथे त्याला पुरेशी मजुरी न देणाऱ्या आपणांस नाही. मध्यवर्ती कामगार संघटनांनी या भरतीस विरोध नोंदविला, आणि तो रास्त होता. परंतु विरोधाच्या पत्रकापाशी थांबून भागणार नाही. या कामगारांची निवड करणाऱ्या सरकारी दप्तरांनी, तेथील ज्या जागेवर त्यांना पाठविले जाते ती काल कोणाची होती आणि तो मनुष्य आज कोठे आहे, हे त्यांना निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. आणि दप्तरे सांगणार नसतील, तर ते काम आपल्या संघटनांनी करावे.